बर्लिनच्या कारकुनाचा मराठी आवाज

उर्वी मोरेश्वरकाकांकडे गेली होती ती फक्त काकूंचा डबा परत करायला. पण अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात कुणाच्या घरी जावं आणि काम गळ्यात पडू नये, असं कधी झालंय?

बेसमेंटमध्ये काका कपाळाला हात लावून बसले होते. कुणाच्या तरी गराज सेलमधून त्यांनी हौसेनं एक डीव्हीडी आणली होती. नव्वद वर्षांपूर्वीचा कृष्णधवल विनोदी चित्रपट! न बघताच मंडळाला कार्यक्रमाची ईमेल पाठवली आणि ऐंशी जणांनी नावंही दिली. आता कळत होतं की सगळे जर्मन बोलताहेत आणि सबटायटल्सचा पत्ताच नाही.

"मला येतं जर्मन," उर्वी बोलून गेली. पुण्यात तीन वर्षं शिकली होती. जायचं होतं म्युनिकला, पोचली मिनेसोटात.

काकांचा जीव भांड्यात पडला. "मग आपणच मराठी आवाज देऊ! बायकांचे तू, पुरुषांचे हा निहार."

टीव्हीमागच्या वायरींतून, मंडळाची तांत्रिक कामं बघणाऱ्या तरुणाचा दचकलेला चेहरा वर आला. "काका, मला चार लोकांत बोलता येत नाही..."

"समोर लिहिलेलं असेल तर?" उर्वीनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. गरजेपेक्षा अंमळ जास्तच वेळ. "तुम्ही लिहिणार? मग... ट्राय करतो."

त्यानंतरचे रविवार काकांच्या बेसमेंटमध्ये गेले. गोष्ट साधी होती. बर्लिनमधल्या टोप्यांच्या दुकानातली एक मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारा लाजाळू कारकून. तो मनातलं सांगायला गेला की कधी मालक उगवायचा, कधी कुत्रं टोपी पळवायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"इतका काय घाबरट आहे यार हा!" उर्वी म्हणायची.

"घाबरट नाही गं. पहिल्याच सीनमध्ये बोलला, तर पिक्चर संपेल ना."

"आणि तुला तो संपायला नकोय?"

निहारनं कागदात डोकं खुपसलं. कान मात्र लाल झाले होते... उर्वीला ते कान फार आवडले.

चौथ्या रविवारी तिनं सांगितलं, "कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला जॉब मिळाला. एप्रिलमध्ये मूव्ह होतेय."

निहार कॉफीत साखर घालू लागला. "काँग्रॅट्स," म्हणाला. बस, एवढंच! उर्वीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. 'जाऊ नकोस' नको म्हणू, पण काहीतरी म्हण ना!

कार्यक्रमाच्या दुपारी लायब्ररीचा हॉल भरला होता. चित्रपटाचा आवाज बंद करून कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघं एकाच माइकपुढे बसली. लोक पोट धरून हसत होते. मग शेवटचा प्रसंग आला. स्टेशनवर, गाडी सुटायच्या बेतात असताना, कारकून मुलीसमोर उभा राहिला. कागदावर त्याच्यासाठी तीन वाक्यं होती.

निहारनं कागद पालथा घातला.

"मला... मला लिहिलेलंच बोलता येतं," पडद्यावरचा कारकून मराठीत म्हणाला. "पण हे कुणी लिहून दिलेलं नाही. माझं काम रिमोट आहे. मॅनेजरला विचारलंय मी. तुझ्याबरोबर सांता क्लाराला आलो तर... चालेल?"

हॉलमध्ये हशा उसळला. बर्लिनचा कारकून आणि सांता क्लारा! टाळ्याही पडल्या. निहार हसत नव्हता. तो थेट उर्वीकडे बघत होता.

पडद्यावरची मुलगी बोलू लागली. उर्वीचं कागदाकडे लक्षच नव्हतं.

"अगं, बोल की!" पुढच्या रांगेतून काकू ओरडल्या.

उर्वीनं हात पुढे केला आणि माइक बंद केला. हे उत्तर ऐंशी जणांसाठी नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "वेड्या, मी कधीपासून वाट बघतेय." आणि त्याचा हात तिनं आपल्या हातात घट्ट धरला.

पडद्यावर ओठ हलत राहिले. "आवाज! आवाज!" असा एकच गलका झाला.

काकांनी एकदा कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं आणि रिमोट उचलला. "गप्प बसा रे सगळे," ते म्हणाले, "आता थोडं जर्मनच ऐका."