रिकाम्या स्टुलाचा फोटो

ज्याला थापा वाटतील त्यानं इथंच थांबावं. हे माझ्या आतेभावाच्या बाबतीत घडलंय, आणि तो साधी शिंकसुद्धा वाढवून सांगत नाही.

दिवसभर कीबोर्ड बडवतो, म्हणून आम्ही त्याला टकट्या म्हणतो.

रविवार. दुपारचे साडेतीन. त्याच्या मोठ्या भावाचा फोटो स्टुडिओ. भाऊ जाऊन एकवीस दिवस झाले होते.

टकट्याला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, आपली वेबसाइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक पळून जातं. तेवढं बघा. आणि यांचा एक चांगला फोटो निवडून ठेवा, फ्रेम करायचीय."

दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्याचे स्वतःचे मोजकेच असतात. जे होते ते भावानं वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये कोंबले होते.

टकट्यानं कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडून एका ओळीची कमांड लिहिली. सगळे फोटो हलके कर, मूळ फाइलवरच. एंटर.

कॉपी घ्यायची राहिली. एरवी यावरून सगळ्या ऑफिसला झापणारा हा, आणि स्वतःच...

आकडे सरकू लागले. चार एमबीची एक झाली. पाचाची दीड.

एकच फोटो उलटा गेला...

दोनाची सहा.

त्यानं तो उघडला. पांढरी भिंत, रिकामं स्टूल. बस्स. एवढ्या मोकळ्या फोटोत वजन कशाचं?

कमांड पुन्हा चालवली.

सहाची नऊ.

आणि काही फोटो भलतेच हलके झाले होते... सगळे भावाचे. त्यानं लग्नातला उघडला. वहिनी होती. तिचा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा हवेत होता.

भाऊ नव्हता.

एकाही फोटोत नव्हता.

टकट्यानं पुन्हा ते स्टूल उघडलं. तेवढ्यात वहिनी मागे येऊन उभी राहिली. आता हिला काय सांगायचं?

"हाच द्या," ती म्हणाली. "किती मोकळे हसलेत बघा."

त्यानं तो छापून आणला. फ्रेम भिंतीवर आहे. वहिनी रोज पुसते. टकट्याला आजही फक्त स्टूल दिसतं, आणि तिला ते सांगायची त्याची हिंमत होत नाही.

परवा फ्रेम पुसता पुसता तिनं सहज विचारलं, "भाऊजी, यात यांच्या शेजारी तुम्ही कधी उभे राहिलात?"

तेव्हापासून टकट्यानं स्वतःचा एकही फोटो उघडून पाहिलेला नाही.