गुडघ्यामागचं बक्कल

अक्कलकोटच्या यज्ञेश्वररावांची मुलगी पत्करली, तर एकनाथला एक बायको, एक सासरा आणि सोलापुरात नव्या पेठेत मोटारसामानाचं स्वतःचं दुकान, एवढं सगळं एका दमात मिळणार होतं. मुलगी कशी आहे हे त्याने मामाला विचारलं नव्हतं. दुकान किती खणांचं, हे मात्र विचारून घेतलं होतं.

तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती - अक्कलकोटचा रस्ता.

एकनाथ टायरच्या कंपनीचा फिरता एजंट. कंपनीने त्याला मोटारसायकल दिली होती, रस्ते दिले नव्हते. मुरूम, धुरळा आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. चाकोरीत चाक गेलं की मोटारसायकल बैलगाडीसारखी सरळ जायची, आणि बाहेर काढायला गेलं की आडवी व्हायची. एकनाथच्या तळहातांवर तालुक्यातल्या बहुतेक गावांची खूण होती.

"नवरामुलगा लंगडत गेला तर लोक काय म्हणतील?" मामा म्हणाले. "मी आगगाडीने पुढं होतो. तूही चल."

पण यज्ञेश्वररावांना जावयाची मोटारसायकल बघायची होती. मग मोटारसायकलनेच जाणं आलं.

त्या आठवड्यात मंगळवार पेठेतून जाताना एका टांग्याचा घोडा बुजला. घोड्याला वाचवायला एकनाथने मोटारसायकल वळवली आणि घोडा सोडून बाकी सगळं पडलं. त्याची सोला हॅट मात्र पडून थांबली नाही; निघाली ती घरंगळत, रस्ता ओलांडून, कुंडलिक जिनगराच्या दुकानाची पायरी चढून थेट आत गेली - आणि खाली मान घालून लगाम शिवत बसलेल्या त्यांच्या लेकीच्या, दुर्गाच्या गुडघ्याशी जाऊन टेकली.

दुर्गाने आधी हॅट बघितली. मग दारात उभा असलेला धुळीचा माणूस बघितला.

"टोपी तुमची?"

"हो... डोक्यावरची."

"डोक्यावरची असती तर डोक्यावर राहिली असती की."

एकनाथ हॅट उचलायचीच विसरला. एजंटने असं विसरणं तसं वाईटच. पण मेणाचा आणि कमावलेल्या कातड्याचा वास, दारातून तिरपं आलेलं ऊन, आणि त्या उन्हात आरीवर थांबलेली ती लांब बोटं... एजंट असला तरी माणूसच.

आतून कुंडलिकआप्पा म्हणाले, "कोण हाय गं?" आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. दुकान त्यांचं, कसब त्यांचं, सुई मात्र आता दुर्गाची होती.

"मोटारसायकलवाले आहेत, आप्पा. पडून आलेत."

"लागलं का?"

"रोजचंच आहे," एकनाथ म्हणाला, आणि अचानक त्याला आठवल्यासारखं झालं की आपले आजोबाही जीनच शिवायचे. वडिलांनी ते सोडून पुस्तकं बांधायचा धंदा धरला, आणि त्याने तर तोही सोडला. "तुम्ही घोड्याचं सामान करता... माणसाचं कराल?"

त्याने खिशातून एक चित्र काढलं. विलायती मासिकातून कापलेलं. काळा चकचकीत लांब कोट, काळी टोपी, वाऱ्यावर उडणारा गळपट्टा. दुर्गाने ते उजेडात धरलं.

"हा माणूस कधी पडलेला दिसत नाही."

"का?"

"कोटावर एक ओरखडा नाही. आणि हा गळपट्टा चाकात गेला तर गळ्यासकट जाईल. राहू द्या चित्र. तुम्ही सांगा - पडताना आधी काय टेकता?"

"आधी हात. मग गुडघा. मग..." तो थांबला. "मग आजूबाजूला कोण बघतंय ते बघतो."

आप्पा हसले. दुर्गा हसली नाही. पण हसू दाबायला तिने दोरा दातांत धरला, आणि दोरा तोडायची तर काहीच गरज नव्हती. 

तिने तुकडे पुढे टाकले. मेंढीचं कातडं मऊ, हाताला गोड - पहिल्याच दगडाला फाटणार. म्हशीचं जाड - फाटणार नाही, पण वाकणारही नाही. एकनाथने अर्थातच चकाकणारं उचललं. तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हाताला बकऱ्याचं घ्या, तळव्याला दुहेरी. मूठ वळली पाहिजे, नाहीतर ब्रेक कसा दाबाल? गुडघ्याला म्हशीचं, तीन पट्ट्यांत कापून, म्हणजे वाकेल. आतून नमदा - खोगिराखाली घालतात तो. डोक्याला पण नमद्याचीच टोपी, कानावरून हनुवटीखाली पट्टा. आणि डोळ्याचा चष्मा बाजारात मिळतो. घेताना बाजूने करंगळी जाते का बघा. करंगळी गेली तर धूळही जाईल."

"मी बघण्यापेक्षा... तुम्ही बघितलेलं बरं."

"मी चष्म्याच्या दुकानात येऊ होय?"

"मी चष्मा इथं आणीन की."

त्याच्या तोंडी तिचा 'की' आला होता. ते दोघांच्याही लक्षात आलं.

"जरा चालून दाखवा," दुर्गा म्हणाली.

एकनाथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असं मुलींना सांगतात, दिवाणखान्यात, चार म्हाताऱ्यांसमोर. तरी तो चालला - दारापर्यंत आणि परत.

"डावा पाय ओढता. डावीकडं नमदा जास्त घालते. आता बसा, गाडीवर बसता तसं."

बसायला दुकानात एकच जागा होती. खोगीर चढवून बघायचा लाकडी घोडा. एकनाथ त्याच्यावर बसला, आप्पा दोरी घेऊन चाचपत त्याचा गुडघा मापू लागले, आणि नेमकी समोरची गोजरबाई - टांग्यांना कडब्याच्या पेंढ्या विकणारी, नजर मात्र अख्ख्या पेठेवर - तिथून ओरडली, "आगं दुर्गे, नवरा घोड्यावर बसवला व्हय? आन् वरात कुटं हाय?"

दुर्गाने असा काही लगाम उचलला, जणू तोच आजच्या आज द्यायचा होता.

"नवराच आहे मी, मावशी," एकनाथ कसंबसं हसत म्हणाला. "रविवारी अक्कलकोटला मुलगी बघायला जायचंय. अंगाला खरचटलेलं नको, म्हणून तर..."

 समोरची बोटं क्षणभर थांबली.

"मग चांगलंच शिवायला पाहिजे," दुर्गा म्हणाली. आणि टाका इतका ओढला, की आप्पा म्हणाले, "दोरा तुटंल, पोरी."

त्यानंतर एकनाथ पुन्हा मापासाठी आला. मग हातमोज्याचा अंगठा बघायला आला. मग चष्मा घेऊन आला - दुर्गाने करंगळी लावून बघितली, ती गेली, म्हणून तो परत करून दुसरा आणला. दुसऱ्यातही करंगळी गेली. चष्म्यावाला वैतागला, एकनाथ नाही. गोजरबाई आता पेंढ्या मोजायची सोडून त्याच्या फेऱ्या मोजू लागली होती.

दुर्गाला आपल्या मनाचा हिशेब कळत होता. प्रत्येक टाका तो माणूस धड ठेवण्यासाठी होता, आणि धड ठेवायचा तो दुसरीच्या ओट्यावर नेऊन बसवण्यासाठी. टाका सैल घातला असता तर? पडल्यावर त्यालाच लागलं असतं. म्हणून तिने टाका घट्टच घातला. 

शुक्रवारी गुडघ्याची जोडी तयार झाली. आप्पांनी स्वतः चढवली. मागून पट्टा घेतला, कडीतून दोनदा फिरवला, ओढला, शेपूट आत खुपसलं - घोड्याचा तंग कसतात तसा. झाक बसलं. एकनाथने उठबस केली. गुडघा वाकत होता. मांडी मात्र पुरती घालता येत नव्हती, पण मोटारसायकलवर मांडी कोण घालतो? मग आप्पांनीच ते सोडलं.

एक चूक झाली होती. तीन पिढ्या घोड्याचं सामान करणाऱ्या घरातच होईल अशी. घोड्याचं बक्कल शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला येईल तिथं लावतात; घोडा काही स्वतःचं खोगीर स्वतः उतरवत नाही. दुर्गाच्या हातांनी सवयीने तसंच केलं होतं. बक्कल गुडघ्याच्या पार मागे, आणि कडीतला दुहेरी वेढा असा, की घालणाऱ्याला तो ना दिसावा ना सुटावा.

आप्पा सोडत होते तेव्हा दुर्गाने ते बघितलं. तोंड उघडलं. आणि मिटलं.

रविवारी सकाळी, गिरणीचा भोंगा नसल्यामुळे पेठ शांत होती. थंडी होती. आप्पांनी दोन्ही तंग कसले. एकनाथने टोपीचा पट्टा लावला, चष्मा चढवला. चष्म्यामागून तो कुठं बघतोय हे कळत नव्हतं, आणि तरी दुर्गाला कळलं.

"येतो," तो म्हणाला.

"कुंभारीच्या पुढं चाकोऱ्या खोल आहेत म्हणतात," ती म्हणाली. "जरा... हळू."

मोटारसायकलचा आवाज लांब जाऊन विरला. त्या दिवशी तिने जे शिवलं, ते दुसऱ्या दिवशी सगळं उसवावं लागलं.

ऊन कलायच्या आत आवाज परत आला. एकनाथ पायऱ्या चढला तो पाय ताठ करूनच. अंग धुळीने माखलेलं. डाव्या गुडघ्यावरचं म्हशीचं कातडं सोललेलं, तळव्यावरचा एक थर फाटलेला.

"पडलात," दुर्गा म्हणाली. आवाज तिला हवा तसा निघाला नाही.

"कुंभारीच्या पुढंच. आत बघा - खरचटलंसुद्धा नाही."

"मग मुलगी..."

"मुलगी हसली. तिचा काही दोष नाही. हे गुडघ्याचं सुटेना, धूळ जाऊन वेढा आवळला होता. मामांनी ओढून बघितलं, यज्ञेश्वररावांनी ओढून बघितलं. शेवटी सतरंजीवर बसलो, दोन्ही पाय सरळ वडीलधाऱ्यांकडं करून. बायका आतून डोकावत होत्या. यज्ञेश्वरराव म्हणाले, ज्याला मांडी घालता येत नाही तो माझ्या पंक्तीला बसणार कसा? मग सुरी मागवली. म्हणाले, कापून टाक पट्टे, मुकाट मांडी घाल, आणि बोलणी करू."

"मग?"

"मी म्हटलं, कापायचे नाहीत."

दुकानात आप्पांच्या हातातली दोरी थांबली.

"पट्ट्यांचं काय एवढं," दुर्गा हळूच म्हणाली. "नवे लावले असते..."

"शिवलेलं होतं ते. एक-एक टाका मी बघत बसलो होतो. त्याच्यावर सुरी..." तो थांबला. "मामा रागाने स्टेशनावर गेले. माझ्याशी बोलायचे नाहीत म्हणतात."

दुर्गाने मान खाली घातली. आता गप्प राहिलं तर सगळं तिच्या फायद्याचं होतं. तरी ती बोलली.

"माझी चूक होती. बक्कल पुढं पाहिजे. आणि ते... माझ्या शुक्रवारीच लक्षात आलं होतं. सांगितलं नाही."

एकनाथने चष्मा कपाळावर चढवला. डोळ्यांभोवतीची दोन स्वच्छ वर्तुळं सोडली, तर बाकी चेहरा अक्कलकोटच्या रस्त्याचाच होता.

"माझ्याही लक्षात आलं होतं," तो म्हणाला. "शुक्रवारीच."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"म्हटलं - सोडून घ्यायला का होईना, परत इथंच यावं लागेल."

समोरून गोजरबाई काहीतरी म्हणाली. या वेळी कुणालाच ऐकू आलं नाही. दुर्गा हसली, या वेळी दोरा दातांत न धरता. मग तिने आप्पांकडे बघितलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझी बोटं आज दुखत्यात. तूच सोड."

तिने खाली बसून वेढा सोडवला. धुळीने पट्टा आवळला होता, वेळ लागला. दोघांपैकी कुणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

चैत्रात लग्न झालं. मामा आले, पण जेवेपर्यंत रुसलेले होते. आता हिशेब मांडायचा तर असा: यज्ञेश्वररावांच्या घरचा शिरा न खाताच गेला. एकनाथचं नव्या पेठेतलं दुकान गेलं. तो टायरच विकत राहिला, धड हातापायांनी. दुर्गाचं काहीच गेलं नाही. सगळं भरलं ते आप्पांनी. सुईत दोरा ओवणारे घरातले एकमेव डोळे त्यांनी त्या मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर बसवून दिले, आणि निघताना चाचपून एवढंच बघितलं की तिच्याही टोपीचा पट्टा नीट लागलाय ना.