पत्र्याचा घाम

थंडीत पत्र्याला घाम फुटतो, हे उदगीरच्या अमरनाथला लहानपणापासून ठाऊक होतं. परसबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो हार्मोनियम तयार करायचा, आणि डिसेंबर लागला की सकाळी वरून टपटप पाणी गळायचं. बाकीच्या पेट्या त्यानं पुसून घेतल्या असत्या. पण वडिलांनी, बसलिंगप्पांनी, जाण्याआधी जुळवलेली शेवटची पेटीही तिथंच होती. तिच्या सुरांच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा डाग दिसला. हे सूर गेले तर अप्पांचं उरलं काय?

मग गडी इरेला पेटला. पत्र्याखाली थर्माकोल चिकटवला, फटी सिलिकॉननं बुजवल्या, खालून ओल येऊ नये म्हणून जमिनीवर काँक्रीट ओतलं. कोपऱ्यात अप्पांची समाधी होती. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बागेत मांडी घालून बसवून पुरलं होतं, आणि शेड वाढवताना ती जागा आत आली होती. काँक्रीट तिच्यावरूनही गेलं.

"त्यांच्या डोक्यावर काँक्रीट घातलंस, आता हवाबी बंद करून राहिलास?" आई कमलम्मा म्हणाली.

"अव्वा, बंद खोलीत घाम श्वासानं येतो. आत कुणी श्वासच घेतला न्हाई, तर पाणी येईल कुठून?" स्वतःच्या शहाणपणावर तो लई खूश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कुलूप काढलं. थर्माकोल कोरडा ठणठणीत. फक्त कोपऱ्यातल्या खिडकीची काच धुरकटली होती, तीही खालीच, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर. ओल्या मातीचा आणि विभूतीचा वास येत होता... त्यानं फडक्यानं काच पुसली. ती पुन्हा धुरकटली. आपलाच श्वास असेल, म्हणून त्यानं नाक-तोंड दाबून धरलं. डाग पसरला, आकसला. पसरला... आकसला...

अमरनाथ भ्याला. पण पेटी टाकून जाववेना. ती छातीशी घट्ट कवटाळून तो बाहेर धावला.

दाराशी अव्वा उभी होती. तिची नजर खिडकीवर होती.

"थांबलं बघ," ती कुजबुजली. काच लख्ख झाली होती.

"गेले, अव्वा..."

आता ती पेटीकडं बघत होती. भात्याची कडी लावलेलीच होती. तरीही भाता त्याच्या छातीला टेकून सावकाश फुगत होता, बसत होता.

"अमर," ती म्हणाली, "हळू धर... गुदमरतील."