मर्टनच्या करवतीचं पितळ

जुनी हातकरवत जमिनीत कधीच अख्खी सापडत नाही. मुठीचं लाकूड कुजतं, पातं गंजून मातीत मिसळतं. उरतात मुठीतले पितळी स्क्रू, त्यांचे नट आणि फार तर गरुडाचा छाप असलेली चकती. त्यावरून काळ सांगता येतो. सपाट, खाच पाडलेले नट जुने. फुगीर डोक्याचे नंतरचे. आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात पुरलेला धातू शोधायचा डिटेक्टर घेऊन हिंडणारे पुष्कळ आहेत, पण सापडलेलं पितळ घासून लख्ख करायची त्यांना भारी खोड. पितळावर चढलेला हिरवा थर गेला की वय सांगणार कशावरून? मी ओल्या फडक्यापलीकडे काही लावत नाही, आणि त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते.

एप्रिलच्या चिखलात शेजारच्या आर्डिसनं मला बोलावलं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा मर्टन करवत घेऊन घरामागच्या मेपलच्या रानात फांद्या छाटायला गेला, तो परतलाच नाही. शोधाशोध झाली, काही हाती लागलं नाही. मग गावानं आपल्या गप्पांत त्याला क्यूबेकमधल्या कुणा बाईबरोबर नांदायला धाडून दिलं.

"वेंडेल, तुझं ते भंगार हुडकायचं यंत्र आण," ती म्हणाली. "मेला असला तर मेला. मला सोडून गेला की नाही, एवढंच कळू दे. गाव काय, बोलतच असतं. पण आता मलाही खरं वाटायला लागलंय रे."

चढावरच्या एका थोराड मेपलखाली यंत्र वाजलं. वीतभर खाली चार पितळी डोकी होती, मुठीत असतात तशीच मांडलेली. सगळी सपाट. थर दाट हिरवा, शंभर वर्षांच्या आतला खासच नाही.

"त्याचीच का?" मागून आलेल्या आर्डिसनं विचारलं.

"नाही गं. तुझ्या आजीच्याही आधीची."

ती हिरमुसली. मलाही वाईट वाटलं.

पाचवा नट मुळानं गिळला होता. मूळ मांडीएवढं होतं; तेवढं जाड व्हायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही. छिन्नीनं नट मोकळा केला, फडक्यानं पुसला. कडेला बारीक लहरी होत्या. लेथवर हत्यार थरथरलं की अशा उमटतात. मर्टनच्या करवतीचा एक नट हरवला तेव्हा मीच त्याला नवा करून दिला होता. त्याच्या खाचेचा तिरकेपणा बघून त्यानं मला वर्षभर चिडवलं: "हात कापतो का रे, मास्तर?"

ही खाच तितकीच तिरकी होती.

"हा माझ्या हातचा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे त्याचीच."

"पण आर्डिस, हे मूळ..."

"त्याचीच ना?"

मी मान हलवली. ती खोडाला टेकून बसली आणि उताराखाली बघू लागली.

"इथून माझं स्वयंपाकघर दिसतं रे."

दिसत होतं. एवढ्या दाट रानात नजरेला तेवढीच एक वाट मोकळी होती. त्या बाजूच्या फांद्या करवतीनं नीट छाटलेल्या. काप भरून सालीत बुजून गेले होते. ते घर तिच्या सासऱ्यांनी बांधलं. काप त्याच्या कितीतरी आधीचे होते. मला भीती वाटली, आणि ती लपवावीशीही वाटली नाही.

"मग नव्हता गेला तो मला सोडून," ती म्हणाली. रडत होती, हसतही होती.

माझ्या मनगटावर थेंब पडला. मेपलचा रस.

मी वर पाहिलं. सगळ्यात वरचा काप ताजा, पांढराफटक होता. त्यानं मोकळ्या झालेल्या जागेतून स्वयंपाकघर नव्हतं दिसत, माडीची खिडकी दिसत होती.

"माडीवर कोण असतं?"

"मीच. परवाच बिछाना वर हलवला. का रे?"

मी तिच्याकडे वळलो. तिच्या केसांत लाकडाचा ओला, ताजा भुसा पडला होता, आणि अजून थोडा पडत होता.