झाकणावरची नळी

ही घटना खरी आहे. देवाला स्मरून सांगायचं, तर यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

ज्यांच्या बाबतीत ती घडली, ते आमचे मामा आजही हिंडते-फिरते आहेत. फक्त दुपारच्या चहाला त्यांना कुणी हाक मारत नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. हे सगळं भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात... रणगाडे शिकवणाऱ्या लष्करी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

मामा लष्करात रणगाड्याचे कमांडर होते. निवृत्तीनंतर शाळेने त्यांना शेडमधल्या जुन्या रणगाड्यांची माहिती सांगायला ठेवून घेतलं. घरीदारी सगळे त्यांना मामाच म्हणतात. माणूस प्रेमळ, देवभोळा, आणि बोलणं असं रसाळ, की लोखंडालाही पाझर फुटावा.

"पहिले टँक माणसाच्या चालीनं चालायचे बरं का! आत इंजिनाचा एवढा धडधडाट, की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येईना. मग हातोडीनं लोखंडावर ठोकून खुणा करायच्या. आणि नाव टँक का पडलं? गुपित फुटू नये म्हणून सांगितलं, पाण्याच्या टाक्या बनवतोय! आमची बायको अजून विचारते, तुमची ती टाकी गळते का हो?"

बघायला आलेली मंडळी खो खो हसायची.

मग एके दिवशी ट्रेलरवरून आणखी एक जुना रणगाडा आला... आणि मामांचं हसणं थांबलं.

तो त्यांचाच रणगाडा होता.

त्या रणगाड्याच्या ड्रायव्हरला सगळे 'बटण' म्हणायचे. अंगानं एवढासा. ड्रायव्हरची जागा पुढे, खाली, एकट्याची असते. तिथे बुटकाच माणूस बरा. "बटण दाबलं की टँक चालू," असं तोफ डागणारा गनर म्हणायचा. त्यावर बटण म्हणायचा, "आणि बटण रुसलं, की तुम्ही सगळे पायी!"

त्याच्या डोक्यावर एक जड झाकण असतं. आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. वरचा तोफेचा भाग गोल फिरतो. तोफेची नळी एका ठरावीक जागी आली, की ड्रायव्हरचं झाकण तिला अडतं. आतून कितीही रेटा, उघडत नाही. मागे सरकून दुसऱ्यांच्या दारानं निघावं, तर नळी त्या जागी असताना तीही वाट बंद होते.

म्हणून नियम असा, की वरच्यांनी उतरण्याआधी नळी बाजूला घ्यायची आणि ओरडायचं, "ड्रायव्हर मोकळा?" खालून उत्तर यायला हवं, "मोकळा!" मगच पाय बाहेर काढायचा.

हा नियम मामाच इतरांना शिकवायचे.

त्या दिवशी सराव संपला होता. हेडफोनवर बटणनं मामांची टर उडवली. "मामा, तुमच्यापेक्षा माझी आजी बरा रस्ता दाखवते. आणि तिला दिसत नाही!"

गनर हसला. मामाही हसले. म्हणाले, "थांब, तुला दाखवतो." आणि नळी मुद्दाम झाकणावर आणून ठेवली. वीज बंद केली.

ही थट्टा नवीन नव्हती. ड्रायव्हर फार बोलायला लागला, की सगळेच करायचे. चहा होईपर्यंत कोंडायचं, मग सोडायचं.

दोघं उतरून सावलीत चहा प्यायला बसले.

आतून आवाज आला... टक. टक. टक. बटण पान्यानं झाकण ठोकत होता.

"ठोक बेटा, ठोक!" गनर म्हणाला.

ठोकणं जोरात आलं. मग भराभर. मग हळू...

मग थांबलं.

"रुसलं बटण," मामा म्हणाले आणि कपातला शेवटचा घोट घेतला.

त्यानंतर त्यांना धूर दिसला.

सीटमागच्या बॅटरीच्या वायरनं पेट घेतला होता. आता वीज चालू होईना, म्हणून तोफ हातचाकानं फिरवावी लागली. कितीही जीव खाऊन फिरवा, ते चाक आपल्याच चालीनं चालतं. नळी सरकली, झाकण उघडलं, तेव्हा आत फक्त धूर होता. आणि बटण.

लोक धावत आले, तेव्हा नळी बाजूलाच होती.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तो बाहेर का नाही आला?"

गनरनं मामांकडे पाहिलं.

मामा म्हणाले, "झाकण लावून आत झोपला होता, साहेब."

एवढंच. बटणच्या घरी तेच कळवलं गेलं. कामावर झोपला, स्वतःच्या हलगर्जीनं गेला. गनर पुढे आजारानं वारला. आता खरं काय ते एकट्या मामांना ठाऊक होतं. मामांना आणि देवाला.

रणगाडा शेडमध्ये आला, त्याच दिवशी मामांनी नळी बाजूला घेतली आणि हातचाकाला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली खिशात.

दुसऱ्या दिवशी शेड उघडली...

नळी झाकणावर होती.

"मामा, तुम्हीच फिरवलीत ना?" शेडचा मेकॅनिक म्हणाला. "मला सांगायचं तरी. या वयात कमरेत उसण भरली म्हणजे?"

"मी नाही फिरवली."

"मग काय टँकनं कूस बदलली?"

मामांनी आत वाकून पाहिलं. साखळी तशीच. कुलूप तसंच.

त्यांनी नळी पुन्हा बाजूला घेतली. जेवणानंतर येऊन बघतात तर... पुन्हा झाकणावर.

मग दुपारी माहिती सांगता सांगता मामांचा शब्द अडायला लागला. मध्येच थांबायचे. कान द्यायचे. मेकॅनिक विचारायचा, "काय झालं?" ते म्हणायचे, "पत्रा तापला की वाजतो."

पत्रा असा वाजत नाही, हे त्यांना माहीत होतं.

घरी मामी म्हणायची, "अहो, देवापुढे बसता आणि डोळे उघडेच ठेवता. काय बघत असता?" डोळे मिटले, की मामांचे हात जोडलेले राहत नसत, चाक फिरवायला लागत.

आणि मग एका दुपारी ती आली.

पांढरे केस, पायात साध्या चपला, अंगानं एवढीशी. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. ती सगळे रणगाडे ओलांडून थेट त्या एकापाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ, हाच ना तो? माझा मुलगा हा चालवायचा."

मामांनी नुसती मान हलवली.

"कार्यालयात विचारलं, तर म्हणाले इथं आणलाय," ती म्हणाली. "तुम्ही इथले माहितगार. एक सांगाल? माझं पोर दुपारी कधी झोपलं नाही. लहानपणी मारून झोपवलं तरी टकटक बघत पडायचं. मग त्या दिवशीच कसं झोपलं?"

मामा फडक्यानं रणगाड्याचा लोखंडी पट्टा पुसायला लागले.

"त्याचे वडील गेले, ते हेच म्हणत गेले. पोरानं नाव घालवलं. तुम्ही सांगा. झोपला असेल का हो?"

आता एक 'हो' म्हटलं, की ती निघून जाणार होती. कुणाला काही कळणार नव्हतं. मामांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा...

टक.

म्हातारीनं मान वळवली.

तिनंही ऐकलं होतं.

मामा रणगाड्याच्या पट्ट्याला धरून खाली बसले.

"नाही झोपला, मावशी," ते म्हणाले. "मी त्याचा कमांडर. नळी मी ठेवली होती झाकणावर. गंमत म्हणून. तो आतून ठोकत होता. आम्ही ऐकत होतो. आम्ही... हसत होतो."

शेडमध्ये वारा नव्हता. बाहेर एक कावळा ओरडत होता, तोही गप्प झाला.

ती रडली नाही. ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं,

"किती वेळ ठोकत होता?"



उत्तर आतून आलं.

टक. टक. टक.

म्हातारी पुढे झाली. नळीखालून हात घालून तिनं त्या झाकणावर तळवा ठेवला. ठोकणं जोरात आलं. झाकण तिच्या तळव्याखाली थरथरत होतं. मग भराभर...

"मी काढतो! मी काढतो त्याला!" मामा ओरडत वर चढले. किल्ली कुलपात जाईना. खाली ठोकणं हळू झालं... आणखी हळू...

ती सगळा वेळ तशीच उभी होती. हात काढला नाही.

मग थांबलं.

"एवढा वेळ," ती म्हणाली. मामांकडे न बघता चपला ओढत बाहेर निघून गेली.

मेकॅनिक धापा टाकत आला. "मामा, कोण ठोकतंय एवढं? पार गेटपर्यंत ऐकू आलं!" दोघांनी मिळून नळी सरकवली, झाकण उघडलं. आत रिकामी सीट. तिच्यावर धुळीचा थर, एक बोटही न उमटलेला.

दुसऱ्याच दिवशी मामा मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब तरुण होते. त्यांनी जुनी फाईल मागवली. नंतर बटणच्या नावावरचा डाग निघाला. मामांना वाटलं होतं आपल्याला नोकरीवरून काढतील, तुरुंगात घालतील. वय बघून कुणी काही केलं नाही. ते त्यांना शिक्षेपेक्षा जड गेलं.

नळी आता जागची हलत नाही. आवाजही येत नाही. निदान मामांना तरी येत नाही.

पण ती म्हातारी येते.

अधूनमधून दुपारी येते. मामा स्टूल ठेवतात, त्यावर ड्रायव्हरच्या जागेशेजारी बसते. मामा पाणी देतात, ते घेते. त्यांच्याशी आजवर एक शब्द बोललेली नाही.

झाकणाला कान लावते... आणि ऐकत राहते. मध्येच मान हलवते. कधी हळूच काही विचारते आणि उत्तरासाठी थांबते.

परवा ऐकता ऐकता तिनं एकदम वर पाहिलं. सरळ मामांकडे. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा कान लावला आणि म्हणाली, "हो. इथंच उभा आहे."

तो काय विचारत होता, हे मामांनी अजून तिला विचारलेलं नाही.