एकसष्टावी हाक

रविवारी दुपारी ती ऑफिसात आली ती फक्त एका सहीसाठी. तिमाही अहवालावर इंजिनिअरची सही लागते. पाच मिनिटांचं काम. साहेब सोडून कोणी नव्हतं. एसी बंद, खोलीला कोंदट वास.

कंपनीचं काम ऐकायला थोर. मोबाइलवर बटण दाबलं की हाक सर्व्हरवर जायची आणि सर्व्हर जवळची अ‍ॅम्ब्युलन्स पाठवायचा. पण भाड्याच्या त्या सर्व्हरला मर्यादा होती: मिनिटाला साठ हाका. एकसष्टाव्याला उत्तर मिळे, ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ मर्यादा वाढवून घ्या म्हणून तिने तीनदा लिहून दिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

तीन आठवड्यांपूर्वी कापडाच्या एका गोदामाला आग लागली. पहिल्या साठ हाका रस्त्यावरून बघणाऱ्यांच्या होत्या. गाड्या आल्या, रस्त्यावरच थांबल्या. वर पॅकिंगच्या खोलीत एक बाई धुरात अडकलीय, हे कोणाला कळलंच नाही. तिची हाक एकसष्टावी होती.

अहवालात मात्र लिहिलं होतं: शंभर टक्के हाकांना दोन सेकंदांच्या आत उत्तर.

“साहेब, हे खोटं आहे.”

“कुठे खोटं? नकार हेही उत्तरच. आणि सगळ्यात झटपट. उलट सरासरी त्यानेच सुधारते.” साहेब हसले. “जग काय, सोमवारपासून बदल. आज सही कर, बाई.”

नकारांची यादी तरी नजरेखालून घालावी म्हणून तिने उघडली.

एकच नंबर. एकवीस दिवस, दर मिनिटाला एक हाक, दर मिनिटाला नकार. आत्ताच्या मिनिटात सगळ्या शहरातून चारच हाका आल्या होत्या. तरी या हाकेचा क्रमांक एकसष्टच.

“साहेब... हा त्या बाईचा नंबर आहे.”

“फोन चालू राहिला असेल कुठेतरी.”

“फोन तिच्याबरोबर जळाला. पंचनाम्यात आहे...”

यादीत आणखी एक ओळ उमटली. तिने ती हाक स्वतःच्या हाताने स्वीकारली.

काहीच झालं नाही. फक्त खोलीतला कोंदट वास गेला आणि हळूहळू दुसरा आला. जळक्या कापडाचा.

वीस मिनिटांनी फोन वाजला. अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हरकाका होते.

“ताई, पत्ता बरोबर होता ना? तिथे नुसत्या काळ्या भिंती होत्या...”

“काका, परत फिरा. आत्ताच्या आत्ता.”

“असं कसं? पेशंट जिन्यावर बसून होती. आपली आपणच मागे चढून झोपली. धाप लागलीय बिचारीला... ऑक्सिजन लावून निघालोय.” मग काकांचा आवाज एकदम खाली गेला. “ताई... गाडीला वजनच लागत नाहीये...”

फोन तुटला.

पडद्यावर नवी ओळ आली: उत्तर दिले. लागलेला वेळ, एकवीस दिवस. अहवालातले शंभर टक्के आता शंभर उरले नाहीत.

साहेबांनी तिला बाजूला सारलं. ती ओळ ‘चाचणी’ म्हणून पुसली, तिच्याच नावाने सही ठोकली आणि अहवाल पाठवून दिला. हे करताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. पण काम चोख. भीतीनेही माणूस सुधारत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

“झालं,” ते म्हणाले. “घरी जा.”

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. ती जिना उतरून धावली. काकांनी अ‍ॅम्ब्युलन्स दवाखान्यात नेलीच नव्हती. ते गाडीपासून दहा पावलं लांब उभे होते. मागचं दार सताड उघडं. स्ट्रेचर रिकामं, चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

“इथवर होती, ताई...”

“काही बोलली?”

“एवढंच विचारलं... ‘आत्ता पाठवलीत होय?’”

तिने आत वाकून पाहिलं. ऑक्सिजनचा मास्क स्ट्रेचरच्या कडेला लोंबत होता. त्याच्या आतल्या बाजूला वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

नळी सिलिंडरला जोडलेलीच नव्हती.