भूककुलूप

आइसलँडमधल्या त्या सरोवराकाठच्या प्रयोगशाळेत उल्काने शेवटचं पान सूक्ष्मदर्शकाखालून काढलं. तेही मेलेलं होतं.

"काका, रोग नाही, कीड नाही. थंडीचाही दोष नाही."

खांबेट्यांनी ते पान उचलून पाहिलं. ते इथली उपकरणं सांभाळत. त्यांच्या पत्नीने, डॉ. कुमुदिनीने, अकरा वर्षं खपून शिळापर्णी तयार केली होती. लाव्हाच्या काळ्या खडकावर वाढणारं, मुळांतल्या आम्लाने दगड विरघळवून हवेतला कार्बन त्यातच बांधणारं झाड. जगात चार हजार झाडं, सगळी याच किनाऱ्यावर. अजून बी धरलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरात कुमुदिनी गेली. या वसंतात झाडं तपकिरी पडू लागली.

"मग भूककुलूपच लागलंय," उल्का म्हणाली. ती कुमुदिनीची विद्यार्थिनी, पुण्याहून मुद्दाम आलेली. "हे झाड शेतात शिरलं तर जमीन खाऊन टाकेल. म्हणून मॅडमनी त्याला हे कुलूप घातलं, उपाशीच जगायला शिकवलं. मुळांना थोडासाही जास्त फॉस्फरस मिळाला की ते मरतं. मरताना मुळांतून शेजारच्यांनाही मरायचाच निरोप देतं. कुणी खत आणलं होतं का?"

"इथे? बूट धुतल्याशिवाय मी कुणाला किनाऱ्यावर सोडत नाही."

"ते कळलं मला. माझा लाडवांचा डबा दारातच काढून घेतलात! एवढं सोवळं आमच्या आजीचंही नव्हतं."

खांबेटे हसले नाहीत. उल्काने पडद्यावर नकाशा आणला. तपकिरी डाग गोल पसरत गेला होता. मधोमध पाण्याजवळची एक भेग.

"सुरुवात इथून. इथे काय आहे?"

खांबेट्यांनी त्या भेगेवर बोट टेकवलं.

सप्टेंबरात ते स्टीलचा डबा घेऊन अस्थी विसर्जनासाठी पाण्यापर्यंत गेले होते. आधी पाण्यात हात घालून पाहिला. हात बधिर झाला. कुमुदिनी पुण्यातसुद्धा पायात मोजे घालून झोपायची. त्या पाण्यात तिला सोडणं त्यांना जमलं नाही. ते मागे फिरले आणि वारा लागणार नाही अशा एका भेगेत, तिच्याच झाडांमध्ये, त्यांनी डबा रिकामा केला.

"काका?"

"हाडांत फॉस्फरस किती असतो गं?"

"भरपूर. हाडं म्हणजे..." उल्का थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ती मुळं दगड विरघळवतात, काका."

"उपसून काढलं तर?"

"निरोप गेलाय. सगळ्यांना."

खांबेटे उठले. किनाऱ्याकडच्या दारापाशी आले, खाली बसले आणि सवयीने बूट धुवायला लागले. आधी डावा, मग उजवा. तळ ब्रशने घासले, पाणी ओतलं, पुन्हा घासले. उल्काने त्यांना थांबवलं नाही.

मग ते बाहेर गेले.